टाळेबंदीतले बॅडमिंटन : हैदराबादेतून पाहिलेली दोन वर्षे

बॅडमिंटनशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या खेळाचे आरंभीचे नियम लिहून काढले. त्यामुळे काही काळ हा खेळ 'पूना' याच नावाने ओळखला जात होता. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे या खेळाचा मुक्काम दक्षिणेकडे हलला. आधी प्रकाश पदुकोण यांच्यामुळे बंगळूर आणि मग पुल्लेला गोपीचंद यांच्यामुळे आमचे हैदराबाद ही या खेळाची मोठी केंद्रे झाली. गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि २००८ मध्ये गच्चीबावलीत त्यांची अकादमी उभी राहिली. तेव्हापासून नागपूर, पुणे, ठाण्याकडचे नातेवाईक आमच्याकडे आले की चारमिनार आणि गोवळकोंड्याच्या बरोबरीने 'ती अकादमी कुठे आहे हो?' असेही विचारू लागले.

मुलाच्या किंवा मुलीच्या बॅडमिंटनसाठी महाराष्ट्रातून हैदराबादेत बिऱ्हाड हलवणारी कुटुंबेही आम्ही पाहिली आहेत. बहुतेक घरांत आई मुलासोबत इथे राहते आणि वडील नोकरीच्या गावी. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हा या घरांपुढे पडलेला प्रश्न ऑलिंपिकच्या खेळाडूंपुढील प्रश्नापेक्षा निराळा होता. ऑलिंपिक एक वर्षाने पुढे गेले आणि झाले. चौदा वर्षांच्या मुलाचे चौदावे वर्ष मात्र पुढे ढकलता आले नाही. महासाथीने स्पर्धात्मक बॅडमिंटनच्या तयारीवर काय परिणाम केला, याची नोंद या लेखात आम्ही करत आहोत. वरच्या पातळीवरील खेळाडू आणि खालच्या वयोगटातील मुले, दोघांचाही विचार तीत आहे.

या खेळाची तयारी कशावर उभी असते

बॅडमिंटनच्या तयारीला तीन गोष्टी लागतात : बंद सभागृह, समोर खेळणारा जोडीदार आणि स्पर्धांचे वेळापत्रक. महासाथीने या तिन्हींवर एकाच वेळी घाव घातला.

सभागृह बंदच लागते, कारण शटल फार हलके असते. नियमानुसार पिसांच्या शटलला १६ पिसे असतात आणि त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. एवढ्याशा वजनाचे फूल वाऱ्याच्या साध्या झुळकीनेही भरकटते. म्हणून सरावाच्या वेळी खिडक्या-दारे लावून घेतात, पंखे बंद ठेवतात. विषाणूच्या काळात नेमकी हीच रचना धोक्याची ठरली. बंद जागा, धापा टाकणारे खेळाडू, शिवाय एकाच शटलला सगळ्यांचे हात. धावपटूला मैदान मिळाले तर तो एकटा पळू शकतो. बॅडमिंटनपटूला ती सोय नव्हती.

दुसरी गरज जोडीदाराची. एकेरीचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असते. त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत प्रशिक्षक भराभर शटल टाकत जातो आणि खेळाडू प्रत्येक फटक्यानंतर मध्यभागी परततो. 'मल्टिशटल' म्हणून ओळखला जाणारा हा सराव एकट्याने करता येत नाही. पुढची पायरी म्हणजे आपल्या तोडीच्या किंवा आपल्याहून सरस खेळाडूशी प्रत्यक्ष सामने. समोरच्याच्या खांद्याची, मनगटाची हालचाल वाचून फटका कुठे येणार याचा अंदाज बांधणे हे या खेळाचे मर्म आहे. समोर कोणी नसेल तर ते शिकता येत नाही आणि शिकलेले असले तरी गंजते.

तिसरी गरज स्पर्धांची. कोणत्या महिन्यात शरीर दमवायचे, कधी वेग वाढवायचा आणि कधी विश्रांती घ्यायची, ही आखणी प्रशिक्षक स्पर्धेच्या तारखेवरून मागे मोजत करतात. तारीखच नसेल तर आखणीला आधार राहत नाही. त्या काळात प्रशिक्षकांशी बोलताना आम्हाला हीच अडचण वारंवार ऐकू येत असे. मुले घाम गाळायला तयार होती, पण कशासाठी आणि कधीपर्यंत, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

मार्च २०२० : चाक थांबले

११ ते १५ मार्च २०२० या काळात बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंड स्पर्धा झाली. संसर्गाच्या भीतीने प्रणॉय, चिराग शेट्टी, सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्यासह काही भारतीय खेळाडूंनी आधीच माघार घेतली होती. सिंधू उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या नोझोमी ओकुहाराकडून हरली. स्पर्धा संपल्यावर तैवानच्या पथकासोबत गेलेला एक सराव-खेळाडू बाधित असल्याचे कळले आणि बर्मिंगहॅमहून परतलेल्या अनेकांवर घरात वेगळे राहण्याची वेळ आली.

स्पर्धा संपताच जागतिक बॅडमिंटन महासंघाने पुढील स्पर्धा स्थगित केल्या. १७ मार्चच्या स्थितीनुसार जागतिक क्रमवारी गोठवण्यात आली. २४ मार्चला टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलल्याची घोषणा झाली. त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि २५ मार्चपासून ती लागू झाली. थॉमस आणि उबेर चषकाच्या तारखा मे २०२० वरून ऑगस्ट आणि ऑगस्टवरून ऑक्टोबर अशा हलल्या. शेवटी एकामागून एक संघांनी माघार घेतल्याने डेन्मार्कमधील आरहूसला ही स्पर्धा झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये.

क्रमवारी गोठवणे हा न्याय होता, कारण कोणालाच खेळता येत नव्हते. पण त्याची दुसरी बाजूही होती. वर असलेला वरच राहिला, खालून वर येऊ पाहणाऱ्यासाठी शिडीच काढून घेतली गेली. दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूला वेळ मिळाला, मात्र ऐन भरात असलेल्याचा भर ओसरला.

गच्चीबावली बंद, गच्च्या सुरू

टाळेबंदी लागली आणि गच्चीबावली बंद पडली. मग घरोघरच्या गच्च्या सुरू झाल्या. पहाटे उन्हाच्या आधी मुले गच्चीवर जाऊन दोरीच्या उड्या मारत, खडूने आखलेल्या सहा कोपऱ्यांकडे शटलविना पावले टाकत. या सरावाला 'शॅडो' म्हणतात : हातात रॅकेट, समोर कोणी नाही, फटका हवेत. कोणी भिंतीवर शटल मारून मनगट चालते ठेवले, तर कोणी रबरी पट्ट्या बांधून खांद्याचे व्यायाम केले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोफा सरकवून दिवाणखान्यात जागा केली आणि खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खाल्ली.

प्रशिक्षकांनी मोबाइलच्या पडद्यावरून वर्ग घ्यायला सुरुवात केली. भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि भारतीय बॅडमिंटन संघटना यांनी एप्रिल २०२० मध्ये देशभरातील प्रशिक्षकांसाठी ऑनलाइन वर्ग आयोजित केले. त्यांत गोपीचंद यांच्यासह इंडोनेशियाचे प्रशिक्षक आगुस द्वी सांतोसो आणि नामरिह सुरोतो यांनी मार्गदर्शन केले. छोट्या गावांतील प्रशिक्षकांना एरवी न मिळणारे ज्ञान यातून मिळाले. टाळेबंदीच्या जमेच्या बाजूला टाकावी अशी ही एक गोष्ट.

पण पडद्यावरून काय शिकवता येते याला मर्यादा आहेत. शारीरिक व्यायाम घेता येतो, पावलांची चूक दाखवता येते, जुने सामने लावून चर्चा करता येते. शटल रॅकेटवर नेमके कुठे बसते, नेटजवळचा फटका किती अलगद सुटतो, हे बोटांनाच कळते आणि त्यासाठी शटल मारावेच लागते. दमसास तर सराव सुटल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागतो.

टाळेबंदीचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही, हेही इथे नोंदवायला हवे. ज्यांच्याकडे मोकळी गच्ची, स्वतःच्या सोसायटीतले कोर्ट, चांगला फोन आणि वेगवान इंटरनेट होते, त्यांचे नुकसान कमी झाले. दोन खोल्यांत राहणाऱ्या, आईवडिलांचा एकच फोन भावंडांच्या शाळेसाठी वाटून घेणाऱ्या मुलांचा सराव जवळजवळ थांबला. भाड्याच्या सभागृहात शिकवणाऱ्या लहान प्रशिक्षकांची फी थांबली, जागेचे भाडे मात्र चालू राहिले. रॅकेटला तार ओढून देणारे कारागीर, कोर्ट पुसणारी पोरे, अकादमीजवळ खेळाडूंना डबे पुरवणाऱ्या बायका, या सगळ्यांची रोजीरोटी त्याच सभागृहाला बांधलेली होती.

ऑगस्ट २०२० : परतीची पहिली पावले

मे २०२० च्या उत्तरार्धात केंद्राने प्रेक्षकांविना क्रीडासंकुले उघडण्यास मुभा दिली, पण अंतिम निर्णय राज्यांचा होता. त्यामुळे एका राज्यातले खेळाडू कोर्टवर उतरले तेव्हा दुसऱ्या राज्यातले घरीच होते. तेलंगणात परवानगी मिळाल्यावर ७ ऑगस्टला गोपीचंद अकादमीत ऑलिंपिकच्या संभाव्य खेळाडूंचे शिबिर पुन्हा सुरू झाले. सिंधू आणि साईप्रणीत साडेचार महिन्यांनी तिथल्या कोर्टवर परतले. आठवडा उलटण्याआधीच एक खेळाडू आणि एक फिजिओ यांचे चाचणी अहवाल बाधित आले आणि अकादमी निर्जंतुकीकरणासाठी बंद करावी लागली. नंतरच्या फेरचाचणीत दोघांचेही अहवाल चांगले आले. पण तयारी आता किती नाजूक धाग्यावर लोंबते आहे, हे त्या आठवड्याने सगळ्यांना दाखवून दिले.

दुहेरीच्या जोड्यांची अडचण वेगळीच होती. सात्त्विक आंध्रातील अमलापुरमचा, चिराग मुंबईचा. टाळेबंदीत दोघे आपापल्या घरी होते. दुहेरीत एकाने पुढे झेप घेतली की दुसऱ्याने न बोलता मागची जागा भरायची असते. हा समज रोजच्या एकत्र सरावातून येतो आणि महिनोन्‌महिने तो सराव बंद राहिला.

परतीचा सरावही सावकाश घ्यावा लागतो. बॅडमिंटनमध्ये अचानक थांबणे, वळणे, एका पायावर झेपावणे सतत चालते. घोटे, गुडघे, टाचेमागची शीर आणि खांदा यांवर त्याचा मोठा भार येतो. घरच्या व्यायामाने स्नायू टिकतात, पण या धक्क्यांची सवय मोडते. म्हणून जाणत्या प्रशिक्षकांनी पहिले काही आठवडे फक्त पावले आणि हलके फटके यांवरच ठेवले. उतावळ्या पालकांना ते फार रुचले नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

स्पर्धा सुरू झाल्या, पण निराळ्याच

सात महिन्यांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये डेन्मार्क ओपनने मोठ्या स्पर्धांना पुन्हा सुरुवात झाली. भारताकडून श्रीकांत तिथे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. नंतर जानेवारी २०२१ मध्ये बँकॉकला सलग तीन आठवडे तीन मोठ्या स्पर्धा घेण्यात आल्या. खेळाडूंना हॉटेल आणि सभागृह एवढ्याच परिघात राहायचे होते. मोजक्या वेळेत सराव, ठराविक बस, पुनःपुन्हा चाचण्या आणि उरलेला सगळा वेळ खोलीत.

तिथे जे घडले त्यावरून त्या काळातील तयारीचे स्वरूप कळते. १२ जानेवारीला सायना नेहवाल आणि प्रणॉय यांचे अहवाल बाधित आल्याने त्यांना स्पर्धेतून वगळले गेले. दोघेही आदल्याच महिन्यात या आजारातून बरे झाले होते. पुढील तपासणीनंतर निर्णय फिरला आणि त्यांना खेळू देण्यात आले. जपानच्या केंटो मोमोटाचा अहवाल विमानतळावरच बाधित आल्याने जपानच्या संघाने प्रवासच रद्द केला होता. मार्च २०२१ च्या ऑल इंग्लंडमध्ये इंडोनेशियाच्या संपूर्ण संघाला बाहेर पडावे लागले, कारण ते ज्या विमानाने आले त्यातील एक प्रवासी बाधित निघाला होता. वर्षभर घाम गाळून तयार झालेला खेळाडू शेजारच्या आसनावरील अनोळखी माणसामुळे घरी परतू शकतो, ही अनिश्चितता या खेळाला नवी होती.

सिंधूने या काळात वेगळा मार्ग धरला. ऑक्टोबर २०२० मध्ये ती इंग्लंडला गेली, आहार आणि शारीरिक तयारीवर काम केले आणि तिथल्या राष्ट्रीय केंद्रात इंग्लंडच्या खेळाडूंबरोबर सराव केला. परतल्यावर २०२१ च्या सुरुवातीपासून तिने दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक पार्क ते-सांग यांच्या मार्गदर्शनाखाली गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये सराव केला. अकादमीच्या तुलनेत हे स्टेडियम मोठे आहे. मोठ्या सभागृहात वातानुकूलनाच्या झोताने शटल एका दिशेला ओढले जाते आणि ऑलिंपिकसारख्या स्पर्धा अशाच सभागृहांत होतात. त्या ओढीची सवय आधीच व्हावी हा त्यामागचा हेतू होता. मार्चमध्ये ती स्विस ओपनच्या अंतिम फेरीत आणि ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत पोचली. खंडाच्या काळात तंत्रावर काम करायला सवड मिळाली, असे तिने पुढे स्वतःच सांगितले.

हुकलेली पात्रता

सगळ्यांच्या वाट्याला ही सवड आली नाही. ऑलिंपिक पात्रतेचा कालावधी १५ जून २०२१ पर्यंत वाढवण्यात आला होता. एकेरीत क्रमवारीतील पहिल्या सोळांत असतील तरच एका देशाच्या दोन खेळाडूंना प्रवेश होता. सायना आणि श्रीकांत यांना त्यासाठी गुण हवे होते आणि त्यांची भिस्त शेवटच्या तीन स्पर्धांवर होती : मेमध्ये दिल्लीची इंडिया ओपन, त्यानंतर मलेशिया ओपन आणि जूनच्या सुरुवातीला सिंगापूर ओपन.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. दिल्लीतले ते दिवस कोणीही विसरणार नाही. इंडिया ओपन पुढे ढकलली गेली, पाठोपाठ मलेशिया ओपनही आणि सिंगापूरची स्पर्धा रद्दच झाली. तेलंगणातही १२ मेपासून पुन्हा टाळेबंदी लागली. लंडन ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती सायना आणि जागतिक क्रमवारीत कधीकाळी पहिला आलेला श्रीकांत, दोघांचेही टोकियो हुकले. हरून बाहेर पडणे खेळाडू समजू शकतो. कोर्टवर उतरण्याची संधीच न मिळता बाहेर पडणे पचवायला कठीण असते. त्याच वेळी हेही खरे, की लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी वणवण करत असताना स्पर्धा रद्द झाल्याबद्दल तक्रार करणे कोणाच्या मनात आले नाही. स्पर्धा रद्द होणे योग्यच होते. नुकसान झाले तेही खरेच.

टोकियोने काय दाखवले

जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोचे सामने प्रेक्षकांविना झाले. भारताकडून सिंधू, साईप्रणीत आणि सात्त्विक-चिराग एवढेच खेळाडू होते. सिंधूने १ ऑगस्टला चीनच्या ही बिंगजिआओला २१-१३, २१-१५ असे हरवून कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिकची दोन पदके मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. सात्त्विक-चिराग यांनी गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. त्यांनी हरवलेल्या तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन या जोडीनेच पुढे सुवर्णपदक पटकावले. तरीही गुणांच्या हिशेबात आपली जोडी गटातच राहिली. साईप्रणीत दोन्ही सामने हरला.

तयारीच्या दृष्टीने आणखी दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले मोमोटाचे. पुरुष एकेरीत त्याला अव्वल मानांकन होते. पण जानेवारी २०२० मधील रस्ता अपघात आणि नंतरची महासाथ यांमुळे टोकियोपूर्वीच्या दीड वर्षात त्याला ऑल इंग्लंड ही एकच आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळता आली होती. तो गटातच दक्षिण कोरियाच्या हिओ क्वांग-हीकडून हरला.

दुसरे उदाहरण चीनचे. मार्च २०२० नंतर चीनचे खेळाडू परदेशातील स्पर्धांत दिसलेच नव्हते. सामन्यांचा सराव नसल्याने ते मागे पडतील असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात चीनने टोकियोत दोन सुवर्ण आणि चार रौप्य अशी सहा पदके नेली आणि महिला एकेरीचे सुवर्ण चेन यु-फेईला मिळाले. याचे कारण आम्हाला त्यांच्या घरच्या फळीत दिसते. एकाच शिबिरात जागतिक दर्जाचे इतके खेळाडू असतात, की अंतर्गत सामनेही मोठ्या स्पर्धेच्या तोडीचे होतात. इंडोनेशियाच्या संघटनेनेही जून-जुलै २०२० पासून राष्ट्रीय केंद्रातील खेळाडूंची आपसांत स्पर्धा भरवून त्यांना सामन्यांची सवय ठेवली होती. आपल्याकडे आघाडीच्या दोन-चार खेळाडूंमागची फळी तेव्हा तेवढी दाट नव्हती आणि जी होती ती राज्याराज्यांत विखुरलेली होती. बाहेरच्या स्पर्धा बंद पडल्या की आपली तयारी लगेच उघडी पडते, हा महासाथीने दिलेला सर्वांत स्पष्ट धडा आहे.

टोकियोचे सामने चालू असतानाच, २८ जुलैला, नंदू नाटेकर पुण्यात वारले. त्याच दिवशी सिंधूने गटातील दुसरा सामना जिंकून बाद फेरी गाठली होती.

मुलांची वर्षे

आता मूळ मुद्द्याकडे. मुलांच्या स्पर्धा १५, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात आणि वय जन्मवर्षावरून मोजतात. २००६ साली जन्मलेली मुलगी घ्या. २०२० हे तिचे १५ वर्षांखालील गटातील शेवटचे वर्ष. गटात सर्वांत मोठी, अंगाने भरलेली, दोन वर्षांच्या अनुभवाने तयार. राष्ट्रीय मानांकन मिळवण्याचे हेच वर्ष. ते गेले. २०२१ मध्ये ती १७ वर्षांखालील गटात पोचली, तेही वर्ष बहुतांशी गेले. २०२२ मध्ये ती कोर्टवर उतरली तेव्हा एकदम १७ वर्षांखालील गटाच्या शेवटच्या वर्षात होती आणि त्याच वर्षी तिची दहावी किंवा अकरावीही होती.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हेच घडले. २०२० ची जागतिक कुमार स्पर्धा न्यूझीलंडमधील ऑकलंडला आणि २०२१ ची चीनमधील चेंगडूला व्हायची होती. दोन्ही रद्द झाल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनच्या सांतांदेरला ती पुन्हा झाली तेव्हा भारताच्या शंकर मुथुसामीने रौप्यपदक मिळवले. मधल्या दोन वर्षांत १९ वर्षे ओलांडून गेलेल्या मुलामुलींना आपण कुठवर गेलो असतो हे कधीच कळणार नाही. कुमार गटातील यशावरच पुढे प्रायोजक, शिष्यवृत्ती, खेळाडू कोट्यातील नोकरी आणि कॉलेजातील प्रवेश अवलंबून असतात. कोऱ्या राहिलेल्या दोन वर्षांचा फटका या प्रत्येक ठिकाणी बसला.

काहींनी मात्र तुरळक संधींचेही सोने केले. गुजरातच्या मेहसाणाची तस्नीम मीर जानेवारी २०२२ मध्ये कुमारींच्या जागतिक क्रमवारीत पहिली आली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी. त्याच महिन्यात दिल्लीत इंडिया ओपन झाली. श्रीकांत, अश्विनी पोनप्पा यांच्यासह सात भारतीय खेळाडूंना बाधित अहवालांमुळे माघार घ्यावी लागली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या मालविका बनसोडने सायनाला सरळ दोन गेममध्ये हरवले, तर चिराग आणि सात्त्विक यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

पण या नावांमागे अशी कितीतरी मुले आहेत ज्यांनी या दोन वर्षांत रॅकेट खुंटीला टांगली. कोणाच्या वडिलांची नोकरी गेली आणि अकादमीची फी परवडेना. कोणी इथले बिऱ्हाड मोडून गावी परतले ते परतलेच. कोणाची उंची वर्षभरात चार बोटे वाढली, वजन वाढले, जुने पदलालित्य नव्या शरीराला जुळेना आणि उमेद खचली. या मुलांची नावे कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाहीत. आमच्या दृष्टीने महासाथीचे खरे नुकसान तिथे आहे.

सावरलेला खेळ

देशांतर्गत वरिष्ठ मानांकन स्पर्धा डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नई आणि हैदराबादपासून पुन्हा सुरू झाल्या. वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला मात्र आणखी वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गुवाहाटीला झाली होती. त्यानंतर थेट चार वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ती पुण्यात भरली. जिथे या खेळाचे नियम प्रथम लिहिले गेले त्याच गावात राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा उभी राहिली, हा योगायोग आम्हा मराठी मंडळींना सुखावून गेला. मिथुन मंजुनाथ आणि अनुपमा उपाध्याय तिथे विजेते ठरले.

मधल्या काळात वरच्या फळीने उसळी घेतली होती. डिसेंबर २०२१ च्या जागतिक स्पर्धेत श्रीकांतने रौप्य आणि लक्ष्य सेनने कांस्यपदक मिळवले. टोकियो हुकलेल्या श्रीकांतने पाच महिन्यांतच हे करून दाखवले. १५ मे २०२२ ला बँकॉकमध्ये इंडोनेशियाला ३-० असे नमवून भारताने प्रथमच थॉमस चषक जिंकला. त्या संध्याकाळी आमच्यापैकी अनेकांनी एकमेकांना फोन करून पेढे वाटण्याचे ठरवले होते. टाळेबंदीने खेळ संपवला नाही हे त्या दिवशी दिसले. पण चषक उचलणाऱ्या खेळाडूंचा पाया महासाथीपूर्वीच घातला गेला होता. त्यांच्यामागून येणाऱ्या पिढीचा पाया त्या दोन वर्षांत घातला जायचा होता, हे विसरून चालणार नाही.

पालकांसाठी काही नोंदी

या अनुभवातून आम्हाला कळलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो. खेळणारी मुले ज्यांच्या घरी आहेत त्यांना त्या उपयोगी पडतील.

१. दीर्घ खंडानंतर मुलाला लगेच सामन्यांत उतरवू नये. आजारपण असो, परीक्षा असो की दुखापत, खंड जितका मोठा तितकी परत येण्याची मुदतही मोठी ठेवावी.

२. शॅडो, दोरीच्या उड्या, तोल सांभाळण्याचे आणि खांद्याचे व्यायाम घरच्या घरी, कोर्टशिवाय करण्याची सवय लहानपणीच लावावी. टाळेबंदीत ज्यांना ही सवय होती तीच मुले लवकर सावरली.

३. जोडीदार जवळपासचे असावेत. एकाच वस्तीतील चार-पाच मुलांचा गट असेल तर मोठे केंद्र बंद पडले तरी सराव पूर्ण थांबत नाही. लहान मंडळांना आणि सोसायट्यांनाही हे सहज जमण्यासारखे आहे.

४. एका वयोगटातील निकालावरून मुलाचे मोजमाप करू नये. ज्यांची ती वर्षे महासाथीत गेली त्यांच्या प्रगतिपुस्तकातील कोरी जागा हे अपयश समजू नये आणि निवड करणाऱ्यांनीही तसे समजू नये.

आज संध्याकाळी गच्चीबावलीच्या बाजूने गेलात तर स्कूटरच्या मागे बसलेली, पाठीवर रॅकेटची लांबट पिशवी लावलेली मुले पुन्हा दिसतील. त्यांतली कित्येक मार्च २०२० मध्ये पहिली-दुसरीत होती आणि त्यांना त्या टाळेबंदीतले फारसे आठवतही नसेल. त्यांच्या आधीच्या मुलांचे काय झाले, हे त्यांच्या पालकांना ठाऊक असावे म्हणून ही नोंद.